झाकल्या जाणाऱ्या कामाचा साक्षीदार

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त मिरजोळे, जि. रत्नागिरी येथे गवंडी, सुतार, सळई बांधणारे कारागीर, लहान कंत्राटदार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर एका अनुभवी स्थापत्य अभियंत्याने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आज विश्वकर्मा जयंती. पाऊस ओसरत आला आहे. आणखी काही दिवसांनी चिरेखाणी पुन्हा सुरू होतील, थांबलेली जोती वर येऊ लागतील आणि आपल्यापैकी कोणालाही मान वर करायला उसंत मिळणार नाही. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वीच एका विषयावर आपल्याशी बोलावे असे मनात होते. मिरजोळ्याच्या या परिसरात एका बाजूला औद्योगिक वसाहतीतील लोखंडी सांगाड्यांच्या शेड आहेत आणि दुसऱ्या बाजूला जांभ्या चिऱ्याची कौलारू घरे आहेत. दोन्ही आपल्याच हातांनी उभी राहिली आहेत. त्या हातांमागे जे मन असते, त्याविषयी मला आज बोलायचे आहे.

मी आपल्याला एक साधा प्रश्न विचारतो. आपण जे काम करतो, त्यातील किती काम घरमालकाला दिसते? गिलावा दिसतो, रंग दिसतो, फरशी दिसते. पण पायाच्या तळाशी माती नीट चोपली होती की नाही, कॉलमच्या सळयांना कड्या योग्य अंतरावर बांधल्या होत्या की नाही, न्हाणीघराच्या फरशीखाली पाणी अडविणारा थर नीट बसला होता की नाही, हे कोणाला दिसते? ज्या कामावर इमारतीचे आयुष्य अवलंबून असते, ते बहुतेक सारे काम झाकले जाते. तपासनीस येतो आणि जातो, अभियंता दिवसातून एकदा फेरी मारतो, मालक रविवारी येतो. सळई बांधताना, माल ओतताना, चिरा बसविताना त्या क्षणी तेथे हजर असणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे काम करणारा कारागीर. त्याचे लक्ष त्या क्षणी तेथे नसेल, तर त्या कामाला कोणीही साक्षीदार उरत नाही.

या हजर असण्याला आपल्या भाषेत ‘अवधान’ असा सुंदर शब्द आहे. आजकाल मोठ्या शहरांत वातानुकूलित दालनांत यासाठी वर्ग भरतात, त्याचे शुल्कही भरपूर असते. परंतु ओळंब्याची दोरी हातात धरून, गोळा झुलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभा राहणारा गवंडी तेच करीत असतो. ओळंबा घाईने पाहता येत नाही. तो स्थिर होईपर्यंत माणसालाही स्थिर व्हावे लागते.

साडेबावीस लिटरचा हिशेब

अवधान सुटले की काय होते, हे उपदेशाने सांगण्यापेक्षा हिशेबाने सांगतो. काँक्रीटच्या कामासाठी भारतीय मानक ४५६ आहे. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत समुद्रकिनाऱ्याच्या हवेतील सळईच्या काँक्रीटसाठी पाण्याचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या जास्तीत जास्त ०.४५ पट सांगितले आहे. म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला, वाळूतील ओल धरून, साडेबावीस लिटर पाणी. आता प्रत्यक्षात काय घडते? दुपारचे दोन वाजलेले असतात, स्लॅब संपवायचा असतो, माल घट्ट वाटतो. कोणीतरी म्हणतो, ‘‘मार अजून एक बादली.’’ माल सैल होतो, पटापट पसरतो, सर्वांना बरे वाटते. परंतु ते जादाचे पाणी पुढे वाळून जाते आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात.

आपल्या रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वाऱ्यात खारेपणा असतो. त्या छिद्रांतून ओल आणि क्षार आत शिरतात आणि सळईपर्यंत पोहोचतात. गंज धरलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते. ते फुगते आणि बाहेरच्या काँक्रीटला फोडते. आपण जिन्याखाली, गॅलरीच्या तळाला सळया उघड्या पडलेल्या पाहतो आणि समुद्राच्या हवेला दोष देतो. समुद्र तर पूर्वीपासून येथेच आहे! त्याच मानकात अशा हवेसाठी सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले होते. ते राखण्यासाठी सळईखाली ठेवायचा ठोकळा काही रुपयांचा असतो. स्लॅब ओतताना सळयांवरून चालणाऱ्याच्या पायाखाली तो सरकला आणि कोणी पाहिले नाही, तर पंधरा वर्षांनी त्या घरातील माणसाला लाखो रुपये मोजावे लागतात.

पाणी मारण्याचेही तसेच. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस ओल ठेवावी लागते. पहिल्या दिवशी सगळे पाणी मारतात, चौथ्या दिवशी कोणी फिरकत नाही. यात ज्ञानाचा अभाव फारसा नसतो. येथे बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. कमी पडते ते अवधान, आणि अवधान टिकविण्याची सवय.

पायातील दगडाचे मोल

अयोध्येच्या श्रीराम मंदिराचे छायाचित्र आज घराघरांत आहे. २२ जानेवारी २०२४ रोजी तेथे प्राणप्रतिष्ठा झाली. कोरीव खांब, कमानी, शिल्पे आपण डोळे भरून पाहतो. परंतु त्या मंदिराखाली सुमारे १४ मीटर जाडीचा, थरावर थर दाबून घट्ट केलेल्या काँक्रीटचा जणू एक कृत्रिम खडकच आहे. मंदिराच्या बांधणीत लोखंड वापरलेले नाही. ज्या मजुरांनी तो एकेक थर पसरला आणि दाबला, त्यांचे काम आता कोणालाही दिसणार नाही. वरचे सारे वैभव मात्र त्याच्या भरवशावर उभे आहे.

आणि आपल्याकडे रायगड आहे. हिरोजी इंदुलकरांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या या राजधानीचे बांधकाम केले. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर त्यांचे नाव कोरलेले आहे, सेवेसाठी तत्पर असलेला, अशा अर्थाच्या शब्दांसह. महाराजांनी बक्षीस मागायला सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच मागितले, अशी आख्यायिका आहे. कळसावर नाही, दरवाजाच्या कमानीवर नाही, पायरीवर नाव. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक भाविकाचे पाऊल जेथे पडणार, तेथे. यात नम्रता आहेच, पण बांधकाम करणाऱ्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पायरी हा इमारतीचा सर्वांत जास्त झिजणारा भाग. ज्याला आपल्या कामाविषयी पूर्ण खात्री आहे, तोच आपले नाव झिजणाऱ्या दगडावर घालील.

चिरा काय शिकवितो

या विद्येचे धडे आपल्याला दूर जाऊन शिकण्याची गरज नाही. आपल्या पायाखालचा जांभाच ते शिकवितो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये विटेवरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. आपले पूर्वज मात्र त्यापूर्वी कित्येक पिढ्या त्याची घरे, देवळे आणि विहिरी बांधत होते. या दगडाचा स्वभाव असा की, खाणीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने कापता येतो आणि उघड्या हवेत राहिला की कठीण होत जातो. म्हणून जुने जाणते गवंडी ताजा चिरा लगेच भिंतीत घालीत नसत. त्याला ऊन-वारा खाऊ देत. आज यंत्राच्या पात्याने चिरे झटपट कापले जातात, सकाळी निघालेला चिरा संध्याकाळी भिंतीत जातो. यंत्राने वेग दिला, तो हवाच आहे. पण दगड पक्व व्हायला लागणारा वेळ यंत्र कमी करू शकत नाही.

चिरा हातात घेतल्यावर जाणता गवंडी त्यावर थापीचा दांडा मारतो आणि कान देऊन ऐकतो. घट्ट चिरा खणखणीत वाजतो, आत मातीचा पोकळ भाग असेल तर आवाज बद्द येतो. हे एका क्षणाचे काम आहे, परंतु त्या क्षणी कान तेथे असावा लागतो. कानात मोबाइलची गाणी वाजत असतील, तर चिरा काय सांगतो ते ऐकू येणार नाही.

येथे गोरोबाकाकांची आठवण येते. संतांच्या मेळाव्यात गोरा कुंभारांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कोणते मडके कच्चे ते पारखले आणि नामदेवरायांना कच्चे ठरविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. या कथेचा परमार्थ कीर्तनकार सांगतातच. मला त्यात आपल्या व्यवसायाचाही सन्मान दिसतो. संतांच्या सभेत पारख करण्याचा अधिकार कोणाला मिळाला? हाताने काम करणाऱ्या, आवाजावरून कच्चे-पक्के ओळखणाऱ्या कारागिराला. आपल्या परंपरेत सावता माळ्यांचा मळा, गोरोबांचे चाक आणि नरहरी सोनारांची पेटी यांना देवघराइतकेच मोल आहे.

सवयीचे पाच नियम

आता कोणी म्हणेल, हे ऐकायला छान आहे, पण दिवसभर उन्हात घमेली उचलणाऱ्या माणसाचे मन एका जागी राहील कसे? रास्त प्रश्न आहे. मन भटकणारच, घरची चिंता, मुलाची फी, आईचे औषध, मुकादमाची बोलणी हे सारे डोक्यात असतेच. म्हणून अवधान हे संकल्पाने राहत नाही, त्याला सवयींचे कुंपण लागते. माझ्या पाहण्यात आलेल्या उत्तम कारागिरांच्या सवयींतून मी पाच नियम वेचले आहेत.

पहिला, कामाला हात लावण्यापूर्वी दोन मिनिटे स्वस्थ उभे राहून जागा पाहणे. परांचीच्या फळ्या घट्ट आहेत का, उघडी वायर कोठे आहे, काल सोडलेले काम कोणत्या अवस्थेत आहे. आपण खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो. वर्षातून एकदा हळदकुंकू आणि वर्षभर थापीला वाळलेला माल चिकटलेला, ही पूजा नव्हे. रोज संध्याकाळी हत्यार धुऊन ठेवणे, हीच त्याची नित्यपूजा.

दुसरा, डोळ्यांवर विश्वास न ठेवता साधनावर ठेवणे. अनुभवी माणसाचा डोळा सरावाने तयार होतो आणि सरावानेच फसतो. प्रत्येक थराला दोरी, ठरावीक उंचीला ओळंबा, प्रत्येक कोपऱ्याला गुण्या. तीन, चार आणि पाच फुटांनी काटकोन काढण्याची जी रीत आपण मैदानावर वापरतो, तिचे गणित आपल्याकडील शुल्बसूत्रांत आहे. यज्ञवेदी रचणाऱ्यांनीही नजरेवर भिस्त ठेवली नाही, त्यांनी दोरी वापरली.

तिसरा, महत्त्वाचे माप मोठ्याने उच्चारणे. जपानच्या रेल्वेत चालक आणि कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने बोलतात. प्रथम पाहणाऱ्याला गंमत वाटते, पण बोट, डोळा आणि वाणी एकत्र आल्यावर मनाला दुसरीकडे जाता येत नाही, हे त्यामागील शास्त्र आहे. सळई बांधणाऱ्याने ‘‘बारा मिलिमीटर, सहा इंच अंतर’’ असे जोडीदाराला ऐकू जाईल एवढे बोलले, तरी पुष्कळ चुका जागीच सापडतील.

चौथा, खंडानंतर पुन्हा सुरुवात. चहाची सुट्टी, फोन, कोणाशी झालेला वाद, यांनंतरची पहिली पाच मिनिटे सर्वांत धोक्याची असतात. एका ज्येष्ठ गवंड्यांना मी पाहत असे. चहा पिऊन परत आले की ते आधी रचलेल्या शेवटच्या थरावरून हात फिरवीत आणि मगच नवा चिरा उचलीत. विचारले तर म्हणत, ‘‘हात कामावर आला, आता मन येऊ दे.’’

पाचवा आणि सर्वांत कठीण, चुकलेले काम झाकले जाण्यापूर्वी सांगणे. ओळंब्यातून सुटलेली भिंत चार थरांवर उतरवली तर अर्धा दिवस जातो. तीच गिलाव्याखाली दडपली तर ती कायमची वाकडी राहते. चूक सांगणाऱ्या कारागिराला आपण शिव्या देतो की शाबासकी, यावर पुढची चूक कळणार की दडणार हे ठरते. हे विशेषकरून येथे बसलेल्या कंत्राटदार बंधूंसाठी आहे.

वरच्यांचे अवधान

कारण अवधान हे केवळ गवंड्याचे कर्तव्य नाही. या जिल्ह्याने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती आहे, असे गावकरी त्यापूर्वीच सांगत होते. ज्यांनी ते पाणी झिरपताना पाहिले, त्यांचे लक्ष होते. ते ऐकून तातडीने हलण्याचे अवधान पुढे कोठेतरी संपले.

दुसरे उदाहरण प्रत्येक मराठी मनाला वेदना देणारे आहे. मालवणच्या राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, म्हणजे नऊ महिनेही पूर्ण झाले नव्हते. कोणाचे किती चुकले, हे ठरविणे न्यायव्यवस्थेचे काम आहे. परंतु त्या जागेवरून समोर समुद्रात सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये महाराजांनी त्याचे काम सुरू केले. त्याच्या पायात शिसे ओतले होते. तेच वारे, तोच खारा पाऊस, त्याच लाटा साडेतीनशे वर्षे अंगावर घेत तो उभा आहे. महाराजांवर आपले प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु प्रेम घोषणेतून सिद्ध होते की जोडाच्या प्रत्येक बोल्टकडे दिलेल्या लक्षातून, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. भक्तीने केलेल्या कामात निष्काळजीपणा राहिला, तर तो भक्तीचाच अपमान ठरतो.

आणि म्हणूनच ज्याच्याकडून आपण अवधानाची अपेक्षा करतो, त्याची काळजी घेणे हाही धर्म आहे. उपाशी, अपुरी झोप झालेला, शिरस्त्राण नसलेला, उद्याच्या मजुरीची शाश्वती नसलेला माणूस एकाग्र होऊ शकत नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावरील उपकरातून कल्याणकारी मंडळ चालते. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला तेथे नोंदणी करता येते. आपल्याकडील प्रत्येक कामगाराची नोंदणी झाली आहे का, हे कंत्राटदाराने स्वतः पाहावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत गवंडी आणि सुतार आहेत, आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. त्याचाही लाभ घ्यावा. शासन थापी देऊ शकेल. ती धरणारा हात मात्र आपल्यालाच घडवावा लागेल.

भागोजीशेठांचा वारसा

आपल्या रत्नागिरीच्या मातीने या व्यवसायाला एक थोर माणूस दिला, तो म्हणजे दानशूर भागोजीशेठ कीर. गरिबीत जन्मलेला हा मुलगा मुंबईस गेला, अंगमेहनतीच्या कामापासून सुरुवात करून बांधकाम क्षेत्रातील नामांकित कंत्राटदार झाला. आणि मिळविलेले धन त्याने कोठे लावले? स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सर्व हिंदूंना समान प्रवेश असलेले मंदिर असावे, हे त्यांचे स्वप्न भागोजीशेठांच्या धनाने साकार झाले आणि १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्वांसाठी खुले झाले. ज्याने स्वतः कष्टकऱ्याचे जिणे जगले होते, त्याला दारातून परत पाठविल्या जाणाऱ्या माणसाचे दुःख समजले, हे स्वाभाविकच होते. कारागिराचे अवधान वाढत गेले की ते भिंतीपाशी थांबत नाही, ते माणसापर्यंत पोहोचते.

शेवटी, येथे उपस्थित असलेल्या आणि घर बांधू इच्छिणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांना एक विनंती. आपण फरशीचा रंग निवडायला चार दुकाने फिरता. तेवढाच वेळ पाया भरताना तेथे उभे राहा. गणपतीपूर्वी वास्तुशांत झालीच पाहिजे म्हणून सात दिवसांचे पाणी तीन दिवसांवर आणू नका. गवंड्याला नावाने हाक मारा, त्याची मजुरी वेळेवर द्या, आणि वास्तुशांतीच्या पंगतीत त्याला कुटुंबासह सन्मानाने बसवा. आपल्या मुलांना एखाद्या सुट्टीत त्याच्या हाताखाली चार चिरे रचू द्या. हाताने काम करणाऱ्याविषयीचा आदर पुस्तकातून येत नाही, तो तळहाताला पडलेल्या घट्ट्यातून येतो.

आणि माझ्या कारागीर बंधूंनो, या हंगामात आपण जे पहिले काम हाती घ्याल, त्यातील झाकला जाणारा एक भाग निवडा. पाया असेल, सळई असेल, फरशीखालचा थर असेल. तो असा करा की, उद्या कोणी तो उकरून पाहिला तरी आपल्याला मान खाली घालावी लागू नये. मग दुसरा भाग, मग तिसरा. एवढे आपल्या हातून घडो, अशी विश्वकर्म्याच्या चरणी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.